पाहुण्याचं पाऊल कुठे थांबावं: कारागिरांचं घर आणि काम एकाच इमारतीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा कारागीर आहेत, प्रत्येकाचं राहतं घर आणि कामाची जागा एकाच इमारतीत हवी आहे. लोकांनी आत यावं, काम बघावं, विकत घ्यावं, जमलं तर शिकावं. मधोमध चौक आहे. तो सगळ्यांना खुला ठेवायचा की राहणाऱ्यांसाठी राखायचा, हे ठरत नाहीये. प्लॅनमध्ये सार्वजनिक भाग पिवळा आणि खाजगी भाग निळा रंगवलाय, आणि मधला हिरवा पट्टा कुठे टाकायचा यावर घोडं अडलंय.

मी गेली २२ वर्षं अशा इमारतींवर काम करतोय. काही नव्या बांधल्या, बऱ्याच जुन्या दुरुस्त केल्या. माझ्या मते अडचण त्या रंगांतच आहे. सार्वजनिक आणि खाजगी ढवळून एकजीव करायचं, असा प्रश्न मांडला की उत्तर हाती लागत नाही. कारागिराच्या दारात हा प्रश्न रोज येतो तो असा: अनोळखी माणूस उभा आहे, आपले हात कोपरापर्यंत मातीने भरलेत, आतल्या खोलीत मूल झोपलंय. त्या माणसाने कुठवर यावं? आणि तो तिथे थांबावा म्हणून कारागिराला दर वेळी तोंडाने सांगावं लागू नये, ते इमारतीने सांगावं. मी सगळा आराखडा या एका कसोटीवर तपासतो.

आधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सांगतो, कारण त्या कळल्याशिवाय कुणीही ठाम उत्तर देऊ नये. कामं कोणती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुस्तकबांधणी आणि भरतकाम घराला खेटून चालतं. लोहारकाम, लाकूडकाम आणि भट्टी चालत नाही. तुमच्याकडचे बांधकामाचे नियम निवासी इमारतीत कोणत्या उद्योगाला परवानगी देतात, हे पहिल्या रेघेच्या आधी तपासा. कारागीर मालक असतील की भाडेकरू, यावरही बरंच ठरतं. भाडेकरू बदलतो आणि त्याच्याबरोबर कामही बदलतं. म्हणजे आज जिथे विणकर आहे तिथे उद्या काचकाम करणारा येईल. आणि रस्त्याकडची रुंदी किती आहे? बाराही जणांना रस्त्यावर दर्शनी भाग मिळणार नसेल, तर चौकाला रस्त्याचं काम करावंच लागेल.

आता मूळ मुद्दा. पिवळ्या-निळ्याऐवजी हद्दी मोजा. आपल्या भाषेत यासाठी अंगण, ओसरी, माजघर, परस असे नेमके शब्द आहेतच, आणि प्रत्येक शब्दात कोण कुठवर येणार हे गृहीत आहे. मी चार हद्दी धरतो. रस्त्यावरून ओसरीत कुणीही, न विचारता. ओसरीतून मांडणीच्या दालनात, दार उघडं असेल तर. दालनातून कामाच्या जागेत, बोलावलं तर. कामाच्या जागेतून घरात, फक्त घरचे. बहुतेक विद्यार्थ्यांच्या आराखड्यात पहिली आणि चौथी हद्द असते, मधल्या दोन गायब असतात. मग कारागिराकडे दोनच पर्याय उरतात, दार सताड उघडं किंवा दाराला कुलूप. काही महिन्यांत कुलूपच लागतं.

पाटी न लावता हद्द कळावी म्हणून पायरी हा सगळ्यात जुना उपाय आहे, पण पहिल्या दोन हद्दींवर पायरी नको. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस तिथेच अडतो. उंची गाठायचीच असेल तर एकास बारा उतार द्या, आणि बदल जाणवून देण्याचं काम छताला आणि जमिनीला करू द्या. ओसरीचं छत २.४ मीटरवर, आत गेल्यावर ३.६. बाहेर खडबडीत दगड, आत गुळगुळीत कोबा. पायाखालचा आवाज बदलला की माणूस आपोआप चाल मंदावतो.

ओसरीबद्दल एक इतिहास इथे उपयोगी आहे. सिंगापूरच्या १८२२ च्या नगररचनेत असा नियम केला गेला की प्रत्येक घराने रस्त्यालगत छपराखाली सलग पायवाट सोडायची. तिलाच पुढे पाच फुटी वाट म्हणू लागले. जागा घरमालकाची, पण वापर येणाऱ्या-जाणाऱ्याचा. दुकानदारांचा माल हळूहळू त्या वाटेत पसरला, आणि १८८८ मध्ये प्रशासन ती मोकळी करायला निघालं तेव्हा शहरात दंगल झाली. ओसरी कुणाची, हा वाद इतका खरा असतो. म्हणून मी ओसरी २.४ मीटर खोल ठेवतो आणि तिचे जमिनीतच दोन भाग करतो: १.५ मीटर चालणाऱ्यांची, ०.९ मीटर कारागिराची, मधे वेगळ्या दगडाची पट्टी. कारागिराच्या भागात ४५ सेंटिमीटर उंचीचा ओटा. त्यावर तो माल मांडेल, दुपारी स्वतः बसेल, गिऱ्हाईक टेकेल. पट्टीच्या पलीकडे घडवंची सरकली तर शेजारीच हटकतो, कारण रेघ सगळ्यांना दिसते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या हद्दीवर मी पूर्वी मोठी चूक केली आहे. माझ्या सुरुवातीच्या एका इमारतीत कामाची जागा आणि लोकांची वाट यांच्यामध्ये जमिनीपासून छतापर्यंत काच लावली. लोकांना काम दिसावं, कारागिराला उजेड मिळावा, असा विचार होता. तीन महिन्यांनी गेलो तर एका मूर्तिकाराने आतून डोळ्यांच्या उंचीपर्यंत वर्तमानपत्रं चिकटवली होती. तो म्हणाला, ‘साहेब, चूक करायला जागा हवी. माणूस बघत असला की मी सोपं तेवढंच करतो.’ ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. नवं काही करून बघताना हात अडखळतो, आणि तो अडखळलेला हात कुणी पाहू नये असं वाटणं अगदी रास्त आहे. मी त्याला आठ तास प्रदर्शनात बसवलं होतं.

यावरचा उत्तम उपाय जपानमधल्या क्योतोच्या जुन्या माचिया घरांत आहे. अरुंद तोंडाची, खूप खोल अशी ही व्यापारी-कारागिरांची घरं. पुढे दुकान, मागे घर, मधे एवढासा चौक, आणि एका कडेने पुढून मागपर्यंत जाणारी मातीच्या जमिनीची वाट. दर्शनी बाजूला उभ्या लाकडी पट्ट्यांची जाळी. दिवसा आतून रस्ता दिसतो, पण रस्त्यावरून आतलं नीट दिसत नाही, कारण आत अंधार जास्त असतो. दिवे लागले की हे उलटं होतं, म्हणून आतून सरकती झडप लागते. त्या मूर्तिकाराच्या काचेमागे आम्ही नंतर अशाच उभ्या पट्ट्यांची घडीची दारं बसवली, जी तो स्वतः उघडतो-मिटतो. आता तो दिवसातला काही वेळ ती पूर्ण उघडी ठेवतो. किती उघडं राहायचं हे रोज त्याच्या हातात असलं पाहिजे. ते मी बसवलेल्या काचेने ठरवून टाकलं, हीच चूक होती.

जिथे लोकांना काम जवळून बघायचंच असतं तिथे भिंतीऐवजी कट्टा ठेवा. उंची १.०५ मीटर, वरची फळी ३० सेंटिमीटर रुंद. माणूस त्याच्याशी आला की कोपरं टेकतो आणि तिथेच थांबतो. कुंभाराचं चाक कट्ट्यापासून तीन मीटरवर ठेवलं की आवाज न चढवता बोलता येतं आणि शिंतोडेही पोचत नाहीत. चाकाची दिशा अशी ठेवा की कुंभाराला मान वर करताच दार दिसेल. पाठ दाराकडे असलेला कारागीर दिवसभर अस्वस्थ असतो, आणि आराखड्यात हे कुणी बघतच नाही.

आता घराकडे. माझा एक नियम मी आजवर कधी मोडलेला नाही: घरात जायची वाट कामाच्या जागेतून जाता कामा नये, आणि तरीही कारागिराला चपला न घालता कामावरून घरात जाता आलं पाहिजे. म्हणजे प्रत्येक गाळ्याला घराचं स्वतंत्र दार, वेगळ्या बाजूने, आणि शिवाय काम व घर यांना जोडणारं आतलं एक दार. पहिलं दार पाहुण्यांसाठी, शाळेतून येणाऱ्या मुलांसाठी, आजारपणासाठी. आगीसाठीही, कारण आग बहुधा कामाच्या जागेत लागते आणि सुटकेची वाट तिथूनच जात असेल तर ती वाट नव्हेच. आतलं दार आपोआप मिटणारं, अग्निरोधक आणि चौकटीला रबरी पट्टी असलेलं घ्या. किती मिनिटांचं, ते तुमच्याकडच्या नियमांनुसार. त्या दाराच्या अलीकडे दीड-दोन मीटरची बोळकंडी ठेवा, तिथे हात धुवायचं बेसिन आणि कपडे-चपला बदलायची जागा. तुमच्या आराखड्यात ही बोळकंडी नाही, आणि मला विचाराल तर सगळ्या इमारतीत सर्वात महत्त्वाची जागा तीच.

याचं कारण धूळ. लाकडाचा भुसा आणि सिलिकाची बारीक धूळ ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत आहेत. कोरड्या मातीत आणि झिलईच्या भुकटीत सिलिका असते. ती अंगावरच्या कपड्यांवरून उशीपर्यंत जाते. बाहेर कामाला जाणाऱ्याला संध्याकाळी घरी स्वच्छ हवा मिळते. घरात काम असेल तर मिळत नाही, आणि लहान मुलांना तर अजिबात नाही. म्हणून कामाच्या जागेतली हवा सतत बाहेर ओढली गेली पाहिजे, म्हणजे दार उघडलं की हवा घरातून कामाकडे वाहील, उलटी नाही. भुसा जिथे उडतो तिथेच, यंत्राच्या तोंडाशी शोषून घ्यायचा. कुंभारकामाची जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची किंवा धुवायची. तेव्हा तिला उतार आणि गाळ बसायची टाकी द्या, नाहीतर ड्रेनेज मातीने तुंबेल. रंग-वार्निशच्या द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. तिथे शोषणाचं तोंड जमिनीजवळ ठेवा. छताला एक पंखा लावून काम झालं असं समजणारे आराखडे मी फार पाहिलेत.

आवाजाचं गणित वेगळं. प्लास्टर केलेली २३० मिलिमीटरची विटांची भिंत साधारण ५० डेसिबल अडवते, पण तिच्यात साधा पोकळ दरवाजा बसवला की तो वीसच्या आसपास अडवतो, आणि मग भिंतीचा फायदा दारातून वाहून जातो. म्हणून गोंगाट करणारी कामं आणि झोपायच्या खोल्या यांच्यात दार नसलेली भिंत हवी. जमिनीतून जाणारा ठोक याहून हट्टी असतो. हातोड्याचा घाव स्लॅबमधून तीन गाळे पलीकडे ऐकू येतो. जड यंत्रं आणि ऐरण जमिनीलगतच्या मजल्यावर, इमारतीपासून सुट्या पायावर, खाली रबराची गादी घालून ठेवा. वरच्या मजल्यावर काम न्यायचंच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला सुरुवातीलाच सांगा: राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरतात, कामाच्या जागेसाठी ५०० किंवा त्याहून अधिक.

इथवर तुमच्या हाती तीन गोष्टी आल्या: चार हद्दी, कारागिराच्या हातातली झडप, आणि घराला दोन वाटा. उरलं सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, आणि चौक.

बारा गाळे एका साच्यातून काढू नका. मी कामांचे तीन गट करतो: गोंगाट-धूळ-आग, ओली कामं, आणि शांत कोरडी कामं. पहिल्या गटाचं घर वर ठेवण्यापेक्षा मागे ठेवतो, मधे छोटा खुला चौक टाकून. तिसऱ्या गटाचं घर कामाच्या डोक्यावर किंवा शेजारी खुशाल ठेवा. उंची मात्र सगळीकडे सढळ द्या. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या क्रुआ-रूस टेकडीवर एकोणिसाव्या शतकात रेशीम विणकरांसाठी बांधलेली घरं आजही याचा धडा देतात. कापडात नक्षी विणवणारं जाकार यंत्र मागाच्या वर बसतं, म्हणून छत चार मीटरच्या आसपास उंच ठेवलं. खिडक्याही तशाच उंच, कारण धाग्याचा रंग ओळखायला उजेड हवा. आणि त्याच उंचीचा फायदा घेऊन एका बाजूला पोटमाळा काढून कुटुंब तिथे झोपत असे. माग गेले, पण आज त्याच खोल्या राहायला फार आवडीच्या आहेत. नेमक्या एका कामासाठी दिलेली सढळ उंची दोनशे वर्षं वेगवेगळ्या माणसांच्या उपयोगी पडली. पण तिथली धूळ आणि खडखडाट यांच्यातच मुलं वाढत होती, हेही विसरू नका. तुमचा पोटमाळा कामावर उघडा नको, काचबंद करा.

उजेड खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या साधारण दुप्पट-अडीचपट खोलवर पोचतो. तीन मीटर माथा असेल तर सहा-सात मीटरपर्यंत काम, त्यामागे साठवण. उत्तर गोलार्धात रंगाच्या कामाला उत्तरेची खिडकी. बारीक जडावकामाला टेबलावर १००० लक्स (उजेड मोजायचं एकक) किंवा अधिक उजेड लागतो, तो नुसत्या खिडकीवर सोडू नका. दारं १.२ मीटरपेक्षा अरुंद नकोत, निदान एक तरी २.४ मीटरची. कपाट बनवून झाल्यावर ते दारातून निघत नाही हे कळणं फार महाग पडतं.

आता चौक, तुमचा मूळ प्रश्न. माझं उत्तर: तो वेळेप्रमाणे खुला आणि बंद होऊ द्या, पण त्यात सामाईक कामाची एक तरी जागा ठेवा. ल्योंमध्येच इमारतींच्या आतून, जिन्यांजवळून, चौकांतून जाणाऱ्या त्राबूल नावाच्या वाटा आहेत. विणकर रेशमाचे गठ्ठे पावसात न भिजवता त्यांतून नेत. त्या खाजगी आहेत, पण त्यांतल्या काही रहिवासी आणि शहर प्रशासन यांच्यातल्या करारानुसार दिवसा लोकांना खुल्या असतात, आणि त्या बदल्यात प्रशासन देखभालीचा भार उचलतं. मला यातली नेमकेपणाची गोष्ट आवडते: कोणत्या वाटा, कोणत्या वेळी, खर्च कुणाचा, हे ठरलेलं आहे. तुमच्या चौकाच्या वेशीला दार द्या, ते दिवसा मागे भिंतीत दुमडून दिसेनासं व्हावं आणि संध्याकाळी एका माणसाला एका हाताने ओढता यावं. जड दार कुणी रोज लावत नाही.

चौकात काय ठेवायचं, तर नळ आणि मोठं दगडी बेसिन, सामाईक भट्टी असल्यास तिच्या बाहेरची बसायची जागा, माल उतरवायचा ओटा. कारंजं, पुतळा वगैरे नको. माझ्या एका इमारतीत सगळ्यात जास्त गर्दी बेसिनपाशी असते: विणकर रंग धुतोय, शेजारचा ब्रश धुतोय, आणि बघायला आलेला माणूस तिथे उभ्या-उभ्या दहा प्रश्न विचारून घेतो. गाळ्यात शिरून विचारायला तो संकोचला असता. मात्र घराच्या खिडक्या त्या बेसिनच्या उंचीवर उघडू नका. तळमजल्यावर चौकाकडे फक्त काम, घराच्या खिडक्या वरच्या मजल्यावर किंवा परसाकडे. कपडे वाळत घालायची जागा परसातच, लोकांच्या नजरेबाहेर आणि ऊन येणाऱ्या बाजूला. ती दिली नाही तर कपडे चौकात येतात, मग लोकांना आत शिरायला अवघडतं आणि घरच्यांनाही लाज वाटते. दोष त्यांचा नसतो.

शिकवण्याचे वर्ग तुम्ही प्रत्येक गाळ्यात दाखवलेत. ते काढा आणि वेशीजवळ एकच सामाईक खोली करा, तिला स्वतंत्र शौचालय जोडून. वीस माणसं वर्गाला आली आणि शौचालय फक्त घरात असलं, तर तुमच्या चारही हद्दी पहिल्याच दिवशी ओलांडल्या जातात.

पुढची रेघ मारण्याआधी एक काम करा. प्लॅनवरचे रंग पुसा आणि प्रत्येक दारावर लिहा, याची किल्ली कुणाकडे आणि हे कधी ते कधी उघडं. मग तोच प्लॅन चार वेळा छापा: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सात, रात्री अकरा. सातच्या प्लॅनवर एका गिऱ्हाइकाला, शाळेतून आलेल्या एका मुलीला आणि लाकूड घेऊन आलेल्या गाडीवाल्याला पेन्सिलीने चालवून बघा. जिथे तिघांच्या रेघा एकाच दारात येतात ते दार मला दाखवा. कामं कोणती आणि रस्त्याकडची रुंदी किती हेही कळवा, म्हणजे त्या दारापासून पुढे बोलता येईल.